माऊसमुळे मनगट करंगळीच्या बाजूला दुखायचं, ते असं थांबलं

संध्याकाळपर्यंत मनगटाची करंगळीकडची बाजू ठणकायची. जेलची उशी, क्रेप बँडेज, मलम, कशानेच फरक पडेना. अगदी वैतागलो होतो.

उपयोग झाला तो या क्रमाने. आधी खुर्ची वर घेतली, कोपर साधारण ९० अंशांत आणि टेबलाच्या पातळीला येईपर्यंत. पाय लोंबकळू लागले, म्हणून खाली पाट. कीबोर्डचे मागचे पाय मिटले. मग खरा बदल: नंबरपॅड (उजवीकडचा आकड्यांच्या बटणांचा भाग) नसलेला कीबोर्ड. नंबरपॅडमुळे माऊस लांब जातो, हात बाहेर पसरतो आणि मनगट तिरकं राहतं. शेवटी उभा (व्हर्टिकल) माऊस घेतला, ज्यावर हात हस्तांदोलन केल्यासारखा उभा राहतो, पॉइंटरचा वेग वाढवला आणि हात कोपरातून हलवायला लागलो.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.