शिंपी पक्षी आणि इवलीशी चिचुंद्री, तुलना करायची तर अशी करा

आधी एक गोष्ट, चिचुंद्री म्हटलं की ओट्याखालून चीं चीं करत पळणारी वासट बाई आठवते ना, ती इथे नको. ती सहज 50 ग्रॅमपर्यंत जाते, तिच्यासमोर शिंपी पक्षी म्हणजे पिल्लूच. आपल्याला हवी एट्रुस्कन चिचुंद्री, भारतातही असते, वजन जेमतेम 2 ग्रॅम, वजनाने जगातला सगळ्यात छोटा सस्तन प्राणी. (आणि उंदीर म्हणू नका प्लीज, दोन्ही चिचुंद्र्या उंदराच्या गटातल्याच नाहीत.)

आता हातात दहाचं नाणं घ्या, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, हा झाला तुमचा शिंपी. मग रुपयाचं नाणं घ्या, चिचुंद्री त्याहूनही हलकी!

लांबीवर अजिबात जाऊ नका. शिंप्याच्या 13 सेंमीमध्ये चोच आली शेपूट आली, त्यात विणीच्या हंगामात नराच्या शेपटीची मधली पिसं आणखी लांब होतात, म्हणजे पक्षी तोच आणि माप वेगळं. वजनच धरा.

पुढची पायरी महत्त्वाची, सगळं दर ग्रॅममागे काढा. कारण पटत नसेल तर पनीर कापा. 1 सेंमीचा चौकोनी तुकडा, बाहेरची बाजू 6 चौ.सेंमी, आतला माल 1 घन सेंमी. 2 सेंमीचा घेतला तर 24 ला 8, म्हणजे एकास तीनच. जीव जितका लहान तितकी कातडी जास्त आणि उष्णता भसाभस बाहेर, म्हणून ही चिचुंद्री रोज स्वतःच्या वजनाच्या दीड ते दोनपट किडे खाते आणि हृदय मिनिटाला 1500 पर्यंत पळतं. 60 किलोच्या माणसाने 90 किलो जेवल्यासारखं झालं हे.

थंडी मात्र वेगळी नोंदवा. पक्षी पिसं फुगवून बॉल होतो, ही चिचुंद्री चक्क अंग गार करून सुस्त पडते, तेव्हा मोजलेला आकडा जागेपणीच्या आकड्यात मिसळला की हिशोब गेला.

पिल्लांच्या बाबतीत सगळेच गडबडतात, शिंप्याचं अंडं 12 दिवसांत फुटतं आणि चिचुंद्रीचं गर्भारपण 27-28 दिवस, एवढंच लिहून थांबतात. पिल्लू घरटं किंवा दूध सोडेपर्यंत मोजा ना. शिंप्याचे पुढे साधारण 14 दिवस घरट्यात, चिचुंद्रीचे जवळपास 20 दिवस दुधावर. 26 विरुद्ध 48, म्हणजे अंगाने मोठा असून शिंपीच आधी घरट्यातून मोकळा होतो.