पीव्हीसी पाइपची टाकी वॅगन, एचओ स्केलमध्ये

एचओ म्हणजे मॉडेल रेल्वेचं १:८७ हे माप, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ३२ एमएमचा पीव्हीसी पाइप या मापात धरला तर खऱ्या टाकीचा व्यास येतो साधारण २.८ मीटर, म्हणजे आपल्या पेट्रोल-डिझेलच्या वॅगनच्या अगदी जवळ! पाइपचा तुकडा मागायचा, बरेचदा दुकानदार उरलेला असाच देतो.

जुन्या मॉडेल फ्लॅट वॅगनच्या (वर सपाट, उघडा डबा) लांबीने पाइप कापा, टाकी तिच्यावरच बसवायची आहे. टोकांना एंड कॅप नको, फार जाड दिसते. त्याऐवजी आत पुठ्ठ्याची चकती अडकवून वर एम-सील थापायचं आणि ओल्या बोटाने किंचित फुगीर करायचं, सुकलं की पॉलिश पेपर. आख्ख्या पाइपलाही पेपर मारा हं, गुळगुळीत पीव्हीसीवर रंग धरतच नाही, माझा पहिला तर नखाने सालीसारखा निघाला होता.

दुसरं टोक बंद करायच्या आधी वजन घाला. ६ इंची डब्याला एकूण ११० ग्रॅमच्या आसपास लागतं, डब्याचं स्वतःचं वजन धरून तेवढं भरेल इतके नट आणि वायसर तळाशी, बोगीच्या (म्हणजे चाकांच्या जोडीच्या चौकटीच्या) बरोबर वर अॅरल्डाइटने चिकटवायचे, सुटे राहिले तर वळणावर खुळखुळतात आणि डबा रुळावरून उतरतो. कपलर (डबे जोडणारा हुक) मॅग्नेटवाला असेल तर लोखंड सोडून पितळी घ्या.

शिडीला १ एमएमच्या फ्लेक्सिबल वायरीतली एकच तार काढा, ती ०.३ मिमी असते, खऱ्या दांड्याएवढी बरोब्बर. वरचं झाकण म्हणजे एक छोटा वायसर आणि त्यावर बोल्टचं डोकं. शेवटी रेड ऑक्साइडचे दोन पातळ हात.