कोल्हापूरचं कास्टिंग परदेशी पाठवण्याआधीची तयारी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले एमआयडीसीत तुमची छोटी फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बनवणारा कारखाना) असेल आणि परदेशी गिऱ्हाइकाला थेट माल द्यायचं मनात असेल, तर आधी शेजारच्या शेडमध्ये जाऊन बोला. बाहेरच्या गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा मशीनिंग होऊन, रंग लागून, पॅक झालेला तयार भाग हवा असतो. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), भट्टी, हीट ट्रीटमेंट, मशीन शॉप हे सगळं कोल्हापुरात थोडक्या अंतरात मिळतं. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनत होती तेव्हापासून हे कसब इथं मुरलेलं आहे. पण ते चार मालकांकडे विभागलेलं आहे. म्हणून कोण काय करणार, किती दिवसांत करणार, हे लिहून घ्या. मशीनिंग करताना ब्लो होल (वायूमुळं आत राहिलेली पोकळी) निघाला तर कास्टिंगचा खर्च कुणाचा आणि मशीनिंगच्या मजुरीचा कुणाचा, हेही त्याच कागदावर यायला हवं. ओळखीवर चालणारे व्यवहार इथंच मोडतात.

मग ड्रॉइंग नीट वाचा. बिडाच्या आपल्याकडच्या एफजी २६० ग्रेडऐवजी त्यावर युरोपातला ईएन-जीजेएल-२५० ग्रेड लिहिलेला असेल तर ‘एकच की’ म्हणून पुढं जाऊ नका. मूळ मानक मागवा आणि चाचणीचा नमुना कसा घ्यायचा ते पाहा. प्रत्येक हीटचा (भट्टीतल्या एका वितळणीचा) नंबर, रासायनिक तपासणी, ताणबळ, मायक्रोस्ट्रक्चर (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी धातूची रचना) यांची नोंद हवी. युरोपातलं गिऱ्हाईक सहसा ईएन १०२०४ या मानकाप्रमाणे ३.१ दाखला (दिलेल्या मालाच्याच चाचणीचे निकाल असलेला) मागतं. या तपासण्यांची सगळी यंत्रं एकट्यानं घेणं छोट्या युनिटला झेपत नाही. सामाईक प्रयोगशाळा, सामाईक वाळू पुनर्वापर यंत्रणा यांसाठी केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाचा क्लस्टर (एका भागातल्या युनिटांचा समूह) विकास कार्यक्रम अनुदान देतो. त्यासाठी सभासदांनी मिळून कंपनी काढायची असते आणि तिच्यात कुणा एका युनिटला दहा टक्क्यांहून जास्त भाग घेता येत नाही. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळं सामाईक यंत्र एखाद्या मोठ्याच्या ताब्यात जात नाही.

विजेचा हिशेब आजपासून ठेवा: दर महिन्याला भट्टीला किती युनिट लागली, किती टन धातू वितळला. युरोपीय संघाची कार्बनवरची सीमा-आकारणी (सीबीएएम, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनानुसार आयात मालावर लागणारा आकार) १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली आहे आणि पाइप फिटिंगसारखा लोखंडी माल तिच्यात येतो. आपल्या मालाचा एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) तिच्या यादीत आहे का, ते तपासा. सल्लागार लागलाच तर दहा जणांनी मिळून एकच नेमावा.

कागदपत्रांना फार वेळ लागत नाही. उद्यम नोंदणी, आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड (दरवर्षी एप्रिल ते जून अद्ययावत करायचा, बदल काही नसला तरी), कस्टम्सकडे बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा क्रमांक) नोंदवणं, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र), ईईपीसी या अभियांत्रिकी निर्यातदारांच्या परिषदेचं सदस्यत्व. सीएला सांगा, तो करून देईल.

दराबाबत मात्र सावध राहा. एकाच गिऱ्हाइकाला तीन शेजारी वेगवेगळे दर देऊ लागले की तिघांचंही नुकसान होतं. पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅपचे भाव बदलले तर दर कसा बदलेल, ते कोटेशनमध्येच लिहा. एफओबी न्हावा शेवा (मुंबईजवळच्या या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा दर) म्हणजे तुमचा खर्च आणि जबाबदारी नेमकी कुठं संपते, ते समजून घ्या. उधारीवर माल द्यायचा असेल तर आधी ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-उधारीचा विमा घ्या.

कास्टिंग जड असतं, त्यामुळं कंटेनरमध्ये जागा उरते तरी वजनाची मर्यादा संपते. थोडा माल असेल तर त्याच बंदराला जाणारा शेजाऱ्याचा माल सोबत घ्या आणि दोघांसाठी एकाच फॉरवर्डरशी (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याशी) भाव ठरवा. लाकडी पॅलेट ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेली आणि आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का असलेलीच वापरा. समुद्राच्या दमट हवेत गंज धरतो, म्हणून व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणारी) पिशवी घाला.

जर्मनीतल्या डुसेलडॉर्फचं गिफा आणि त्याच्याबरोबरचं न्यूकास्ट हे फाउंड्री उद्योगाचं प्रदर्शन दर चार वर्षांनी भरतं. पुढचं जून २०२७ मध्ये आहे. तिथं एकट्यानं जाण्यापेक्षा संघटनेमार्फत एकत्र स्टॉल घ्या. किती किलोपासून किती किलोपर्यंतचं कास्टिंग, कोणते ग्रेड, महिन्याला किती टन क्षमता मोकळी, असा प्रत्येक युनिटचा एका पानाचा तक्ता आधी तयार करा. आणि परदेशातून तक्रारीचा मेल आला तर दुसऱ्या दिवशी उत्तर कोण देणार, त्या माणसाचं नाव इथून निघण्यापूर्वीच ठरवा.