नोटच्या डोक्यात ‘सा रे ग म’: नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची चिन्हे कशी तयार करावीत

वाशी-नेरूळकडे कीबोर्ड शिकायला येणारी बरीच मुले आधी हार्मोनियमवर बसलेली असतात. वाशीत केंद्र असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षा दिलेल्या मुलाला सरगम वाचता येते. पण पाश्चात्त्य नोटेशनचा पाच रेषांचा स्टाफ समोर ठेवला की ते बोटाने रेषा मोजू लागते. अशा मुलांसाठी नोटच्या डोक्यातच, म्हणजे नोटहेडमध्ये, ‘सा’, ‘रे’ ही अक्षरे छापून देता येतात. म्यूझस्कोअर स्टुडिओ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये ‘डो रे मी’ किंवा ‘सी डी ई’ लिहिलेली नोटहेड तयार मिळतात. देवनागरीतली मात्र आपली आपणच करावी लागतात.

संगणक सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात. पहिली म्हणजे सा कोणता. सुरुवातीच्या धड्यांसाठी पांढरी एक, म्हणजे सी, हाच सा धरावा. काळी एक किंवा पांढरी चारमधली गाणी आली की तीच चिन्हे दुसऱ्या नोटांवर बसवायची आहेत, हे मुलांना तेव्हा सांगता येते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी रेघ असते आणि मंद्र व तार सप्तकांसाठी अनुक्रमे खाली व वर बिंदू देतात. ही सगळी चिन्हे स्टाफवर जशीच्या तशी नेण्याचा मोह होतो, तो टाळावा. स्टाफवर नोटच्या वरचा किंवा खालचा बिंदू स्टॅकॅटो, म्हणजे स्वर तोडून वाजवणे, असा वाचला जातो आणि खालची रेघ लेजर लाइनसारखी, म्हणजे स्टाफबाहेरच्या नोटांसाठी काढतात त्या छोट्या रेघेसारखी, दिसते. कोमलसाठी फ्लॅटचे चिन्ह आणि सप्तकासाठी नोटची उंची स्टाफवर आधीच असते, तेव्हा डोक्यात फक्त अक्षर घालावे.

आता चित्र काढावे. इंकस्केप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये एक वर्तुळ काढून त्यात मुक्तसारख्या मुक्त परवान्याच्या ठळक देवनागरी फॉन्टमध्ये अक्षर लिहावे. एका मात्रेच्या नोटसाठी काळे वर्तुळ आणि पांढरे अक्षर, तर दोन मात्रांच्या नोटसाठी काळ्या कडेचे पांढरे वर्तुळ आणि काळे अक्षर, अशा सात स्वरांच्या चौदा आकृत्या होतात. येथे एक अडचण हमखास येते. ‘ग’, ‘म’, ‘प’, ‘ध’ ही अक्षरे वर्तुळात नीट मावतात, पण त्याच आकारात ‘रे’ची मात्रा आणि ‘नी’ची वेलांटी कडेला जाऊन भिडते. सगळीच अक्षरे लहान करण्यापेक्षा या दोघांचाच आकार थोडा कमी करावा आणि त्यांना किंचित खाली सरकवावे. फरक डोळ्याला जाणवत नाही.

अक्षर जागेवर बसले की ते निवडून ‘पाथ’ मेनूतील ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा द्यावी. त्यामुळे अक्षर मजकूर राहत नाही, त्याची रेखाकृती होते. ही पायरी मी सुरुवातीला गाळली होती. नेरूळच्या एका विद्यार्थ्याने घरी फाइल उघडली तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसल्याने सगळी अक्षरे बदलली आणि वर्तुळांबाहेर आली. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबून पान आकृतीएवढे करावे, म्हणजे भोवती रिकामी जागा उरत नाही, आणि प्रत्येक आकृती स्वतंत्र एसव्हीजी, म्हणजे रेखाकृतींच्या, फाइलमध्ये जतन करावी.

म्यूझस्कोअरमध्ये आधी सुरावट नेहमीप्रमाणे लिहून घ्यावी. मग फाइल एखाद्या नोटवर ओढून सोडावी, म्हणजे चित्र त्या नोटला जोडले जाते. ‘प्रॉपर्टीज’मध्ये त्याचे माप स्टाफच्या स्पेसमध्ये मोजण्याचा पर्याय निवडून उंची आणि रुंदी प्रत्येकी १.५ ठेवावी. स्पेस म्हणजे दोन रेषांमधील अंतर. साधे नोटहेड एका स्पेसएवढेच उंच असते आणि नेहमीच्या छपाईत ते अंतर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास भरते. तेवढ्यात ‘सा’ वाचता येत नाही. ऑफसेटने, म्हणजे जागा बदलण्याच्या पर्यायाने, चित्र असे सरकवावे की नोटच्या मध्यापासून पाऊण स्पेस वर आणि पाऊण स्पेस खाली येईल. मूळ नोटहेड निवडून व्ही कळ दाबली की ते लपते. छापले जात नाही, पण स्वर वाजतोच.

प्रत्येक नोटसाठी हा खटाटोप पुन्हा करायचा नसतो. एफ-९ने पॅलेट, म्हणजे चिन्हांचे पेटारे, उघडून ‘सरगम’ नावाचे स्वतःचे पॅलेट तयार करावे आणि बसवलेले चित्र कंट्रोल व शिफ्ट दाबून धरून त्यात ओढावे. यापुढे नोट निवडून पॅलेटमधील ‘ग’वर क्लिक केले की काम होते. मात्र कोणत्या नोटवर कोणते अक्षर, हे सॉफ्टवेअर तपासत नाही. पवर ध बसला तरी ते मुकाट्याने छापते. चित्रे फाइलमध्येच साठवली जात असल्याने ती वेगळी पाठवावी लागत नाहीत.

रोज दहा-वीस पाने तयार करणाऱ्याने चित्रांऐवजी फॉन्ट करण्याचा विचार करावा. सिबेलियस या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टमधले अक्षर आधी चिन्ह म्हणून आणि मग नोटहेड म्हणून नोंदवता येते; तशाच डोरिको प्रो या सॉफ्टवेअरमध्ये ‘नोटहेड सेट्स’ची वेगळी खिडकी आहे. फॉन्टफोर्ज या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये आकृती आणताना स्मफल या संगीत-फॉन्टच्या मानकाचे माप पाळावे. या मानकात फॉन्टचे पूर्ण माप म्हणजे चार स्पेस. ते १००० एकक असेल तर एक स्पेस २५० एककांची होते, आणि नोटहेडचा मध्य बरोबर पायारेषेवर, म्हणजे फॉन्टमधली अक्षरे ज्या रेषेवर बसतात तिच्यावर, यावा लागतो. तो चुकला तर ‘ग’ रेषेवर आहे की रेषांच्या मध्ये, हेच कळत नाही. फॉन्टमध्ये आणखी एक तोटा आहे: पांढरे अक्षर हे खरे तर काळ्या वर्तुळातले भोक असते, त्यामुळे त्यातून स्टाफची रेषा आरपार दिसते आणि शिरोरेखेत मिसळते. अशा वेळी शिरोरेखा काढून टाकावी. शिरोरेखा नसली की एरवी ‘ध’चा ‘घ’ आणि ‘म’चा ‘भ’ वाटण्याची भीती असते, पण सात स्वरांत घ आणि भ नाहीतच.

विद्यार्थ्यांना शेवटी पीडीएफ द्यावी. झेरॉक्सच्या दुकानात ती ‘फिट टू पेज’वर न छापता मूळ मापात छापायला सांगावे, नाहीतर पान आक्रसते आणि सर्वांत आधी ‘रे’ची मात्रा बुजते.