कोऱ्या कागदाचे पैसे मोजताना: अमूर्त प्रिंट घेणाऱ्यांनो, या चुका टाळा

"ह्यात काय हाय? नुस्ती एक रेघ की गं!" भिंतीवरचा माझा पहिला प्रिंट बघून मावशी म्हणाली. तिच्या घरी, वडगावात, एके काळी हातमाग होता. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "मागनं बघून घेतलीस काय?" साडी घेताना पदर उलटून बघणाऱ्या बाईचा तो प्रश्न होता. मी मागनं बघितलं नव्हतं.

मिनिमलिस्ट प्रिंटवर दोन-तीन आकार असतात, बाकी सगळा कागद. पण तो कागदही चित्रच असतो. देवाच्या फोटोवर कोपऱ्यात पिवळा डाग पडला तर कुणाच्या लक्षात येत नाही; इथे तोच डाग सगळ्यात आधी दिसतो. म्हणून बहुतेक चुका कागदाशीच येऊन थांबतात.

माझी सगळ्यात महागातली चूक फ्रेमची. तयार फ्रेम दोन बोटं लहान पडत होती. फ्रेमवाल्यानं मला न विचारता कडेचा कोरा कागद सुरीनं कापला आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेला १२/५० हा आकडा (म्हणजे पन्नास प्रतींतली बारावी), शेजारची चित्रकाराची सही, सगळं कचऱ्यात गेलं. त्याच्या दृष्टीनं ती फुकट जागा होती. दोष माझाही, मी प्रिंट ठेवून भाजी आणायला गेले होते. आता मी आधी सांगते: कागद कापायचा नाही, माप कागदाचं घ्यायचं, चित्राचं नाही. चिकटपट्टी आणि गोंदही नको. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डाग समोर उमटतो. आम्लविरहित माउंटबोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती बसवायचा जाड पुठ्ठा, मागा. जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावून प्रिंट फक्त वरच्या कडेला टांगायचा. लॅमिनेशनचा आग्रह झाला तर सरळ उठून यायचं.

मग आपला पाऊस. कोरड्या अथणीकडच्या घरात जे चालतं ते पावसाळी खानापुरात चालत नाही. जांभ्याच्या जुन्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते आणि भिंतीला घट्ट टेकलेल्या फ्रेमच्या पाठीमागे ती कोंडते. कागदावर तांबूस ठिपके उमटतात, पाठोपाठ कसर येते. प्रिंट काचेला चिकटून असेल तर शाईच काचेला धरते. म्हणून मध्ये माउंटची जाडी हवीच. फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळती राहते. बाहेरून ओल येणारी भिंत मात्र सोडूनच द्या. पावसाळ्यात प्रिंट प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवणं ही काळजी नव्हे, आत ओल कोंडणं आहे. ऊन येणारी, पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंतही नको.

खरेदीत फसगत होते ती शब्दांमुळे. 'जिक्ले' हे नाव भारदस्त वाटतं; प्रत्यक्षात तो चांगल्या शाईचा, चांगल्या कागदावरचा इंकजेट. त्यात वाईट काही नाही, पण किंमत इंकजेटचीच द्यावी. कापडाचे धागे मोजायचं भिंग असतं ना, ते प्रिंटवर ठेवून बघा: छापखान्यातल्या ऑफसेट पोस्टरमध्ये बहुधा रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते, इंकजेटमध्ये बारीक शिंतोडे, स्क्रीनप्रिंटमध्ये, म्हणजे ताणलेल्या जाळीच्या कापडातून शाई ओढून केलेल्या छपाईत, शाईचा सलग थर. ऑनलाइन घेत असाल तर कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो मागवा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

'गायतोंडे प्रिंट' म्हणून स्वस्तात जे येतं त्याचं काय? अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची गाजलेली चित्रं कॅनव्हासवरच्या तैलरंगातली. तशाच अमूर्त चित्रकार नसरीन मोहमदी यांचं रेघांचं काम मुख्यतः कागदावर शाई-पेन्सिलीचं. या दोघांचा पोस्टर म्हणजे चित्राच्या फोटोची छपाई. भारतात प्रताधिकार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नसरीन १९९० साली गेल्या, गायतोंडे २००१ साली. तेव्हा परवानगी कुणाची, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. त्यापेक्षा हयात, तरुण चित्रकाराचा छोट्या आवृत्तीतला, म्हणजे मोजक्याच प्रती काढलेला, सहीचा प्रिंट घेतलेला मला बरा वाटतो.

अमूर्त चित्र चुकून उलटं टांगलं गेलं तर लाज बाळगू नका. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात १९६१ साली फ्रेंच चित्रकार मातीसचं 'ले बातो' (होडी) हे चित्र ४७ दिवस उलटं होतं. फ्रेमच्या पाठीवर वरच्या दिशेचा बाण काढून ठेवा, प्रिंटच्या पाठीवर नको.

बिघडलंच तर काय? नळीतून आलेला प्रिंट वळला असेल तर दोन स्वच्छ टिपकागदांत ठेवून वर सपाट वजन ठेवा, आठवडाभर थांबा. इस्त्री नको. बुरशी दिसली तर कोरड्या दिवशी, मास्क लावून, घराबाहेर मऊ ब्रशनं हलक्या हातानं झटका. ओलं फडकं लावलंत तर डाग पसरेल. काचेला चिकटलेला प्रिंट सोलू नका. तो काचेसकट जपून ठेवा आणि कागद-संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा.

मावशीला मी तो कापलेला प्रिंट दाखवला. तिनं उलटून बघितला आणि म्हणाली, "काठच कापलाय की गं."