त्सावोला जायचंय? मग ही तयारी आधी करा

केनिया म्हटलं की आपल्याकडे सगळे मसाई मारा, मसाई मारा करतात, मारा भारीच आहे, वाद नाही, पण दुसऱ्यांदा जाणार असाल किंवा हातात चार दिवस जास्त असतील तर त्सावोच्या नॅशनल पार्कला जा. आमच्या ग्रुपमधून चार जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, सेव्ह करून ठेवा.

यादीत पहिलं काम म्हणजे थोडा इतिहास वाचून घेणे, कारण तो माहीत नसेल तर त्सावो नदीवरचा पूल म्हणजे गाडीतून दोन मिनिटांत मागे पडणारं नुसतं लोखंड. 1896 मध्ये ब्रिटिशांनी मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकायला घेतली आणि त्या कामाला हिंदुस्थानातून जवळपास 32,000 मजूर नेले, बहुतेक पंजाबकडचे, कराचीहून बोटीने. त्यातले अडीच हजारांच्या आसपास परत आलेच नाहीत, आजाराने आणि अपघातांनी गेले. आणि 1898 मध्ये या नदीवर पुलाचं काम चालू असताना दोन सिंह, दोघेही नर पण आयाळ नसलेले, रात्री तंबूत शिरून माणसं ओढून न्यायला लागले, काट्याचं कुंपण घाला, शेकोट्या पेटवा, काही उपयोग नाही. मार्चपासून डिसेंबरपर्यंत हे चाललं, मध्ये मजूर काम टाकून पळाले. शेवटी कामावरचा इंजिनिअर पॅटरसन याने डिसेंबरात तीन आठवड्यांच्या अंतराने दोघांना मारलं. त्याने नंतर 135 माणसांचा आकडा सांगितला, 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या सिंहांची हाडं आणि केस तपासून अंदाज काढला तो साधारण 35 चा, आणि रेल्वेच्या हिशेबात 28 हिंदुस्थानी मजूर आहेत, आफ्रिकन मजुरांची तर धड मोजणीच झाली नव्हती. मला हेच जास्त लागतं. सिंह मात्र पेंढा भरून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये उभे आहेत, त्यामुळे त्यांना इथे शोधत बसू नका.

पार्क झालं 1948 मध्ये. ईस्ट आणि वेस्ट असे दोन भाग, मधून नैरोबी-मोम्बासा हायवे आणि रेल्वे जाते, दोन्ही मिळून 22,000 चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट! हा आकार डोक्यात ठेवूनच दिवस ठरवा. एका दिवसात दोन्ही भाग ‘करून येऊ’ म्हणणारा टूरवाला भेटला तर नमस्कार करून दुसरा शोधा. प्रत्येक बाजूला किमान दोन रात्री. माऱ्यासारखं गवताळ मैदान नाही, काटेरी झुडपं आहेत, प्राणी लगेच दिसत नाहीत, तासभर नुसती लाल धूळ खाल आणि मग वळणावर अख्खा हत्तींचा कळप रस्ता ओलांडत असेल, विटेच्या रंगाचे हत्ती. रंग मातीचा आहे, ते अंगावर तीच उडवून घेतात. 1970-71 च्या दुष्काळात इथे हजारो हत्ती मेले, नंतर हस्तिदंतासाठी चोरट्यांनी उरलेल्यांची वाट लावली, त्यातून सावरलेत ते हे.

आता कागदपत्रं. केनियाला 2024 पासून व्हिसा नाही पण ईटीए, म्हणजे ऑनलाईन प्रवास परवानगी लागते, सरकारी साईटवरच भरा, दलालांच्या तशाच दिसणाऱ्या साईट्स खूप आहेत. यलो फीव्हरची लस अधिकृत केंद्रातच घ्यायची, निघायच्या किमान 10 दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड हँडबॅगेत, चेक-इन बॅगेत नाही, कारण परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात आणि नसेल तर क्वारंटाईनची पाळी येते. मलेरियाच्या गोळ्या आपल्या डॉक्टरला विचारून. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा, गंमत म्हणजे स्वाहिलीत त्याला ‘बिमा’च म्हणतात, दुकानाला ‘दुका’, आणि चपाती ही चपातीच.

कपड्यांचं मी स्वतः चुकलो म्हणून नीट सांगतो. नेव्ही ब्ल्यू टीशर्ट आणि जीन्स घालून वेस्टमध्ये फिरलो आणि त्सेत्से माश्यांनी फोडून काढलं, जीन्समधूनसुद्धा चावतात, घोडामाशीसारखं कळवळायला होतं. नंतर झाडांना निळी-काळी फडकी टांगलेली दिसली, ड्रायव्हर म्हणाला हे माश्यांचे सापळे, तो रंग त्यांना ओढतो. म्हणजे मी चालता-फिरता सापळाच! तर खाकी, मातकट, फिका हिरवा एवढंच घ्या, पूर्ण बाह्यांचं, आणि लष्करी छापाचे कपडे अजिबात नको, तिकडे सामान्य माणसाला चालत नाहीत. पहाटेसाठी एक स्वेटर. आईकडून दोन जुने पंचे मागून घ्या, एक ओला करून तोंडाला, एक कॅमेऱ्यावर, धुळीला यापेक्षा चांगला उपाय मला सापडला नाही.

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात 2017 पासून बंदी आहे, पार्कमध्ये एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत, तेव्हा स्टीलच्या बाटल्या न्या आणि चपला गुंडाळायला कापडी पिशव्या. प्लग आपला चालत नाही, इंग्लंडचा तीन चौकोनी पिनांचा लागतो. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी, एकीत भांडणं होतात. खाण्याचं टेन्शन नको, शाकाहारी माणूस चपाती, राजमा, भाजीवर निभावतो, तरी चटणीची डबी असू द्या.

जायचं कधी, तर जून ते ऑक्टोबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी, मार्च ते मे पावसात रस्ते चिखल होतात. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, तिथून 2017 मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेने वोईला उतरायचं, म्हणजे ईस्टचं गेट जवळच, फक्त मधल्या स्टेशनांवर थांबणारी गाडी बुक केलीत ना ते बघा. खिडकी मिळाली तर सोडू नका, रुळांचा भराव उंच आहे आणि खालून हत्तींसाठी बोगदे ठेवलेत. पार्कची फी ऑनलाईन भरून ठेवा, गेटवर रोख घेत नाहीत. गेटं सकाळी 6 ते संध्याकाळी 6, आणि बाहेर पडायला उशीर करू नका.

वेस्टमध्ये म्झिमा स्प्रिंग्ज चुकवू नका. लाव्हाच्या खडकातून गाळून आलेलं इतकं स्वच्छ पाणी की तळ दिसतो, मोम्बासा शहरालाही इथून पाणी जातं, आणि पाण्याखाली काचेची एक छोटी खोली आहे, जिना उतरून आत बसायचं. मासे काचेला तोंड लावतात, पाणघोडा पायांनी तळावर चालत गेला तर तुमचं नशीब. इथे गाडीतून उतरून चालता येतं पण रेंजरबरोबरच, मगरी आहेत.

आणि परत आल्यावर त्या बॅगेतले कपडे मशीनमध्ये इतरांबरोबर टाकू नका, आधी बादलीत दोन-तीन पाणी काढा. माझे पांढरे मोजे अजून गुलाबीच आहेत.