साईडबार लावायला दिला की काय करायचं (नवीन टेक्निकल रायटरांसाठी)

लिहिणं जमतं हो, वर्षभरात हात बसतो, पण हजारभर पानांच्या डॉक्स साईटचा साईडबार, म्हणजे पानाच्या बाजूचा मेनू, गळ्यात पडला की भल्याभल्यांची फे फे उडते. माझीही उडाली.

पहिल्या कंपनीत आमचा साईडबार म्हणजे डिट्टो ऑर्ग चार्ट. प्लॅटफॉर्म टीमचं एक फोल्डर, बिलिंगचं एक, सिक्युरिटीचं एक. आम्हाला सुटसुटीत वाटायचं कारण कुठली टीम काय करते ते आम्हाला पाठ, पण कस्टमरला त्याचं काय! त्याला बिचाऱ्याला नवीन युजर जोडायचाय आणि ते पान 'आयडेंटिटी प्रोव्हिजनिंग'च्या पोटात चौथ्या लेव्हलला दडलेलं. सर्च लॉग (लोकांनी साईटवर काय काय शोधलं त्याची नोंद) काढले तर लोक सरळ 'अॅड युजर' टाकत होते आणि हाती भोपळा, कारण आख्ख्या पानावर 'अॅड' हा शब्दच नव्हता. सर्च लॉग आधी मागून घ्या, लोकांची भाषा फुकटात कळते.

मग सीनियरने कार्ड सॉर्टिंग करायला लावलं. पन्नासेक पानांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, कँटीनच्या टेबलावर पसरली आणि सपोर्टवाल्यांना म्हटलं, तुम्हाला पटेल तसे गठ्ठे करा. प्रत्येकाने न सांगता एक गठ्ठा वेगळा काढला, 'पहिल्या दिवशी लागणारं'. आमच्या साईडबारमध्ये असला भागच नव्हता!! नवीन रचना ठरली की ट्री टेस्टिंग करा, म्हणजे डिझाईन वगैरे काही नाही, नुसता मेनू दाखवायचा आणि विचारायचं, पासवर्डचा नियम बदलायचाय, कुठे जाल? पहिला क्लिक कुठे पडतो ते बघायचं, मधे बोलायचं नाही (हे फार अवघड जातं).

जँगोची (वेबसाईट बनवायचं एक फ्रेमवर्क) डॉक्स एकदा बघाच. ट्युटोरिअल (हात धरून शिकवणारं), टॉपिक गाईड (संकल्पना समजावणारं), रेफरन्स (बारीक तपशील), हाऊ-टू (एखादं काम कसं करायचं) असे चार भाग आणि कुठे काय मिळेल ते पहिल्याच पानावर सांगितलंय. पण पाच-सहा प्रॉडक्ट असतील तर हेच चार डबे सगळ्यात वर ठेवू नका असं माझं मत, आधी प्रॉडक्ट किंवा काम, मग आत हे.

आणि बरेच लोक गूगलवरून थेट मधल्याच पानावर टपकतात, होमपेज बघतच नाहीत. म्हणून ब्रेडक्रम्ब (आपण कुठल्या भागात आहोत ते दाखवणारी वरची लिंकांची ओळ) हवेत, साईडबारमध्ये चालू पान उघडलेलं दिसायला हवं, आणि डॉक्स कुठल्या व्हर्जनची आहेत ते ठळक हवं, पायथॉनच्या डॉक्समध्ये वरच ड्रॉपडाऊन असतो तसं.

माझा सगळ्यात मोठा घोळ मात्र वेगळाच. शुक्रवारी संध्याकाळी उत्साहात फोल्डरं हलवली, रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय) टाकलेच नाहीत. सोमवारी सपोर्टच्या जुन्या तिकिटांमधल्या लिंका ४०४ (म्हणजे 'पान सापडत नाही'), प्रॉडक्टच्या एरर मेसेजमधल्या लिंका पण ४०४. यूआरएल (पानाचा पत्ता) बदलू नका हे वेबचा जनक टिम बर्नर्स-लीने १९९८ मध्येच लिहून ठेवलंय, मी वाचलंही होतं. आता पान हलवायच्या आधी रिडायरेक्टची शीट उघडते, जुना पत्ता, नवा पत्ता, आणि मगच फाईलला हात.